कॉलेज सुरू व्हायच्या आत नाक नीट करायचंय

बारावीची परीक्षा संपली की ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या सेंटरवर एक फोन हमखास येतो, हल्ली तर जरा जास्तच. "मॅडम, मुलगी नाकाच्या ऑपरेशनसाठी हटून बसलीय, कॉलेज सुरू व्हायच्या आत हवंय म्हणते, काय करायचं?" कधी नाक, कधी हनुवटी, मुलगा असेल तर जॉलाइन, आणि आता गालातली चरबी काढून घ्यायची नवीन टूम आलीय. आईवडिलांना दोन्हीकडून भीती, नाही म्हटलं तर पोर जिवाचं काही करून घेईल का आणि हो म्हटलं तर चेहऱ्याचं काही भलतंच होईल का. म्हणून केतकीबद्दल लिहितेय, नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात.

केतकी सतरा वर्षांची, कळव्याची. आई घेऊन आली आणि आईच ऑपरेशनच्या बाजूने. "आत्ताच करून टाकू, लग्नापर्यंत सगळं सेट होईल." बाबांचा ठाम नकार, ते वर आलेच नाहीत. केतकी अगदी सरळ माझ्याकडे तोंड करून बसली, शेजारी आई बोलत होती, मध्येच रडलीसुद्धा, पण हिने मान वळवली नाही. का ते मला थोड्या वेळाने कळलं, बाजूने दिसायला नको म्हणून. नाकाच्या हाडावर छोटासा उंचवटा आहे, आत्यालाही आहे, आणि घरी प्रत्येक सणाला कुणीतरी "आत्याचं नाक उचललंय हो" म्हणतंच.

ती मोबाइलवर सेल्फी दाखवत राहिली, "बघा ना किती मोठं दिसतं." मी "छान आहे गं तुझं नाक" असं म्हटलं नाही, मी ते कधीच म्हणत नाही. घरात सगळे तेच म्हणत असतात, त्याने तासभर बरं वाटतं आणि मग मूल परत तोच प्रश्न घेऊन येतं. त्याऐवजी मी तिचा एक फोटो खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून झूम करून काढला आणि तिच्या सेल्फीशेजारी ठेवला. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात हे गणिताने दाखवलंय, १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे ही मुलं जे नाक बदलायला निघतात ते बऱ्याचदा कॅमेऱ्याने केलेलं असतं. केतकी बराच वेळ दोन्ही फोटो बघत बसली, पण एवढ्याने काही ती बदलली नाही, उंचवटा तर होताच ना.

पुढच्या भेटींमध्ये मी तिला यादी करायला सांगितली, ऑपरेशन झाल्यावर काय काय करणार? तिने भराभर लिहिलं. कथक परत सुरू करणार, शाळेच्या ग्रुपबरोबर तलावपाळीला जाणार, मावसबहिणीच्या लग्नाला जाणार, वर्गात पुढच्या बाकावर बसणार, प्रोफाइलला फोटो लावणार. कथक सोडून दोन वर्षं झालेली, हे आईलाही "अभ्यासामुळे" असंच माहीत होतं!

मी यादी तिच्याकडे परत दिली आणि विचारलं, "यातल्या कुठल्या कुठल्या गोष्टीला नाक लागतं?"

ती आधी चिडली. मग पेन घेऊन एकेक ओळ खोडायला लागली, लग्नापाशी थांबली, तीही खोडली. शेवटी हळूच म्हणाली, "मॅम, फक्त फोटोला लागतं." आणि रडायला लागली, म्हणाली "मी दोन वर्षं उगाच घरी बसले."

हा प्रश्न मी खूप वर्षं विचारतेय आणि तो क्वचितच वाया जातो. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर माझं काम उभं आहे, त्यामुळे मी नाकाशी भांडत नाही. मला छान दिसायचंय ही इच्छा आहे आणि त्यात काहीच गैर नाही. मी छान दिसलंच पाहिजे, नाहीतर मी कुणातही मिसळायच्या लायकीची नाही, ही मागणी आहे, आणि खरा त्रास या मागणीचा होतो. मागणीवर सर्जन काय करणार?

ऑपरेशनला माझा विरोध नाही हेही सांगते. दुभंगलेला ओठ, अपघात, श्वासाचा त्रास, अशा वेळी हे शास्त्र वरदान आहे. पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा उभं केलं ती बातमी लंडनच्या मासिकात १७९४ मध्ये छापून आली होती, इतकी जुनी आपली परंपरा. पण सतराव्या वर्षी फक्त दिसण्यासाठी करताना काही गोष्टी माहीत हव्यात. नाकाची वाढ मुलींमध्ये साधारण १५-१६ पर्यंत आणि मुलांमध्ये त्याहून उशिरापर्यंत चालते, त्याआधी आकार बदलणं घाईचं ठरतं. सूज पूर्ण उतरायला वर्षसुद्धा लागतं, त्यामुळे "कॉलेज सुरू व्हायच्या आत" हा हिशोबच चुकीचा. श्वासाला अडथळा येऊ शकतो, काहींना परत ऑपरेशन लागतं आणि दुसरं पहिल्यापेक्षा अवघड असतं. गालातली चरबी वयाबरोबर आपोआप कमी होते, ती विशीत काढली की चाळिशीत गाल खोल जाऊ शकतात. फिलर, म्हणजे चेहऱ्याला भराव द्यायचं इंजेक्शन, चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते, म्हणून ते पार्लरमध्ये बिलकुल नको. इंग्लंडमध्ये तर २०२१ पासून १८ च्या आतल्यांना दिसण्यासाठी बोटॉक्स आणि फिलर द्यायला कायद्याने बंदी आहे.

आणि पालकांनो, मूल तासन्‌तास आरशात बघत असेल, "वाईट दिसतंय का" सारखं विचारत असेल, बाहेर जाणं टाळत असेल, आणि त्याला खटकणारा दोष इतरांना जेमतेम दिसत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. हा आजार असू शकतो, त्यावर चांगले उपचार आहेत, आणि त्यात ऑपरेशनने सहसा समाधान होत नाही, नाक झालं की लक्ष हनुवटीवर जातं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. आणि नातेवाइकांच्या कॉमेंट तिथल्या तिथे थांबवा, मुलासमोरच.

केतकी कथकला जायला लागली, नाक तेच आहे. मध्यंतरी तिच्या आईने विचारलं, "एकोणिसाव्या वर्षी परत म्हणाली तर?" तर जा ना, म्हटलं. तेव्हा यादीत फक्त फोटोच असेल तर तो तिचा निर्णय. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी घेतलेला डॉक्टर बघा, भूल कोण देणार, परत करावं लागलं तर खर्च कोणाचा, श्वासावर काय परिणाम होईल, हे सगळं विचारा, आणि तुम्ही पेशंटला कधी नाही म्हणता का हेही विचारा. पहिल्याच भेटीत "आज बुक केलं तर डिस्काउंट" असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या.