आई, तू बस. काही करू नकोस

«ताई, मी ४८ वर्षांची, एकुलती एक मुलगी. पुण्यात बाणेरला राहते. दीड वर्षापूर्वी बाबा गेले. आई ७६ वर्षांची, वाईला मधल्या आळीत एकटीच राहत होती. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत घसरून तिचं मनगट मोडलं, तेव्हा मी तिला कायमची इकडे आणली. तिला स्वतंत्र खोली आहे, दिवसभराची बाई आहे, स्वयंपाकाला वेगळी बाई आहे. इकडची काडी तिकडे करू देत नाही मी तिला. माझे मिस्टरही तिला आईच मानतात. तरी सात महिन्यांत वजन साडेचार किलोंनी उतरलंय, रात्री दोन-तीनला उठून बसते, आणि वाईत एका गोळीवर आटोक्यात असलेलं बीपी आता वरचेवर १६०च्या पुढे जातंय. विचारलं तर म्हणते, “मला काय धाड भरलीय? सगळं आहे की.” घरच्यांचा आधार असला की म्हाताऱ्या माणसांची तब्येत टिकते असं सगळीकडे वाचते. मग माझ्याच आईचं असं का? खरं सांगते, कधीकधी तिचा रागही येतो. (मला एकेरीतच लिहा.)»

राग येतो हे लिहून टाकलंस ते बरं केलंस. बहुतेक जणी एवढं सोडून बाकी सगळं लिहितात.

आधी दवाखान्याचं बोलू. साडेचार किलो वजन उतरणं ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. थायरॉइड, साखर, बी-१२ बघून घे. कवळी सैल झाली असेल तर तीही बघ, कारण कवळी टोचत असेल तर माणूस भाकरी सोडतं आणि कुणाला सांगत नाही. एकदा कान तपासून घे. घसरून मनगट मोडलं म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणीही विचारायला हवी. आणि नैराश्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचार. या वयात ते रडण्यातून दिसेलच असं नाही. भूक जाते, झोप जाते, बोलणं कमी होतं. त्यावर उपचार आहेत आणि ते सत्तरी ओलांडलेल्यांनाही लागू पडतात. हे या आठवड्यात कर. पुढचं मी लिहितेय ते याच्या बदल्यात नाही, याच्या जोडीला.

आता तुझा प्रश्न. तू वाचलंस ते खोटं नाही. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात तीन लाखांवर माणसं होती. ज्यांची नाती भक्कम, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. पण त्यातली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. ‘हा माणूस एकटा राहतो की कुणाबरोबर?’ एवढंच जिथे मोजलं होतं, तिथे फरक सगळ्यात कमी होता, १९ टक्के. माणूस किती प्रकारच्या नात्यांत आणि उठाठेवींत गुंतलेला आहे हे जिथे मोजलं, तिथे तोच फरक ९१ टक्के. म्हणजे आई कुणाच्या छपराखाली झोपते याने थोडा फरक पडतो आणि दिवसभर ती कुणाची कोण असते याने पुष्कळ.

वाईत ती कोण होती? तुझं पत्र इथे कापून छापलंय, पण त्याच्या शेवटच्या पानावर तू जवळजवळ तक्रारीच्या सुरात लिहिलं आहेस की तिथे तिला ‘नसती दगदग’ असायची. शेजारणीचा मुलगा शाळेतून आला की त्याची आई बँकेतून येईपर्यंत हिच्याकडे. गुरुवारी भजन. आळीतल्या चार घरांना हिच्या हातचं मेतकूट. कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवात महाप्रसादाची भाजी चिरायला बसणाऱ्या बायकांत ही चाळीस वर्षं. आणि यंदा माघात उत्सव लागला तेव्हा ‘प्रवास झेपायचा नाही’ म्हणून तू तिला नेलं नाहीस.

ते पान मी दोनदा वाचलं. अगं, ही काही आधार शोधणारी बाई नव्हे. हीच चार घरांचा आधार होती!

मिशिगनमधल्या ४२३ वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षं मागोवा घेऊन २००३ साली एक अभ्यास छापला गेला. शेजारीपाजारी, मित्र, नातेवाईक यांना जे हातभार लावत होते, ते त्या पाच वर्षांत कमी दगावले. नुसती मदत मिळण्याचा तसा फायदा दिसला नाही. ज्यांची तब्येत मुळात बरी तेच मदत करतात, असं तू म्हणशील. तो हिशोबही त्यांनी धरला होता. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला सत्तरीच्या पुढच्या लोकांना दहा वर्षं पाहिलं, तर ज्यांना मित्रमैत्रिणींचा गोतावळा होता ते जास्त जगले. मुलांच्या आणि नातेवाइकांच्या गोतावळ्याने तसा फरक दिसला नाही. हे वाचून डोळ्यांत पाणी आणू नकोस. मुलं नकोत असा याचा अर्थ नाही. मुलगी मुलगीच राहते, पण ती मैत्रिणीची जागा भरू शकत नाही, एवढंच. तुझ्याशी ती सुनेच्या कागाळ्या करू शकत नाही (तिला सून नाही ही वेगळी गोष्ट), बाबांवर वैतागू शकत नाही, आणि तुझ्याबद्दल तर मुळीच बोलू शकत नाही.

शिवाय जावयाचं घर. तुझे मिस्टर भले असतील, आहेतच. पण त्या पिढीतल्या बाईच्या अंगात भिनलेलं आहे ते. माझी आत्या शेवटची तीन वर्षं लेकीकडे होती. भूक लागली तरी फ्रिज उघडायची नाही, कुणी उघडला की “असू दे, मला नको” म्हणायची. आम्हाला वाटायचं, खाणं कमी झालंय. तुझ्या आईचे साडेचार किलो कुठे गेले याचं थोडं उत्तर तिथेही असेल.

आणि बसवून ठेवल्याने ती सुरक्षित आहे असं समजत असशील तर तेही तपासून बघ. या वयात बसून राहिलं की मांड्यांतली ताकद भराभर जाते आणि पडण्याचा धोका वाढतो. मंडईपर्यंत जाणं, जिना चढणं, खाली बसून भाजी चिरणं, हाच तिचा व्यायाम होता. तो तू प्रेमाने बंद केलास.

मग आता? सोमवारपासून तिला कामाला लाव, पण खोटं काम देऊ नकोस. ‘आई, या शेंगा सोलून दे ना’ असं लहान मुलाला गुंतवल्यासारखं केलंस तर ती एका मिनिटात ओळखेल आणि जास्त खचेल. तिच्यावाचून अडेल असं काहीतरी दे. स्वयंपाकाच्या बाईला रोज काय करायचं हे आई सांगेल, तू मध्ये पडायचं नाहीस, मीठ जास्त झालं तरी. भाजीवाल्याशी घासाघीस तिची. आणि जावयाने एकदा स्वतः म्हणावं, “मेतकूट संपलंय, डबे दोन करा, एक ऑफिसात न्यायचाय.” तुझ्या शंभर विनवण्यांपेक्षा या एका वाक्याने ती फ्रिजपर्यंत पोचेल.

बाणेरच्या ज्येष्ठ नागरिक संघात तिला लगेच ढकलू नकोस. चाळीस वर्षांच्या मैत्रिणी तोडून आणलेल्या बाईला ‘जा, मैत्रिणी कर’ म्हणणं निर्दय आहे. आधी जुन्या मैत्रिणी परत दे. गुरुवारी भजनाच्या वेळी वाईतल्या एखाद्या मैत्रिणीने फोन स्पीकरवर ठेवावा, आईने इथून म्हणावं. खोलीचं दार लावून घ्यायचं, तू ऐकत थांबायचं नाही.

आणि मग तो प्रश्न, जो तू तिला एकदाही विचारलेला नाहीस. “आई, वाईला राहायचं तर काय काय लागेल?” तिचं उत्तर येईपर्यंत गप्प बस, दोन दिवस लागले तरी. मला वाटतं ती ‘कायमचं’ मागणार नाही. महिना तिथे, महिना इथे, एवढ्यावरही राजी होईल. न्हाणीत दोन्ही बाजूंना धरायला दांडे, खरखरीत फरशी, रात्रीचा दिवा, किल्ली शेजारणीकडे, सकाळी आठला तुला एक फोन. सगळं मिळून तुझ्या दिवसभराच्या बाईच्या दोन-तीन महिन्यांच्या पगारात बसेल. पडण्याची भीती शून्य होणार नाही. ती बाणेरलाही शून्य नाही.

एकटीला तिथे ठेवलं तर लोक काय म्हणतील, ही धास्ती तुझ्या पत्रात ओळीओळीत आहे. आळीतले लोक काय म्हणतील ते मी सांगते: “आल्या का? बरं झालं, मेतकूट संपलं होतं.”

तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिली फेरी पंधरा दिवसांची कर. पहिले दोन दिवस तू बरोबर राहा, मग निघून ये. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, फक्त स्वारगेटला निघताना तिचं आधार कार्ड तिच्याच पिशवीत ठेव, तुझ्या पर्समध्ये नको. बीपीचं यंत्र आणि एक वही बरोबर दे. सकाळ-संध्याकाळचे आकडे तिनेच लिहायचे. पंधरा दिवसांनी ते आकडे डॉक्टरांना दाखव आणि मलाही कळव.