काढा, हळद आणि केमो : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या लेखात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ऑपरेशनबद्दल आणि त्यानंतरच्या केमोबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांत हळद, काढे आणि वैद्यांच्या पुड्या यांविषयीच विचारलं आहे. म्हणून आजचे प्रश्न त्यावरचेच.

प्रश्न : वडिलांचं वय ६१. आतड्याची गाठ काढली, आता फॉल्फॉक्सच्या (एकत्र दिल्या जाणाऱ्या केमो औषधांच्या) सायकली, म्हणजे ठराविक दिवसांनी होणाऱ्या फेऱ्या, सुरू आहेत. हळदीत कर्करोग मारणारं तत्त्व असतं असं ऐकलं. रोज हळदीचं दूध देतो. मिरीचा अर्क असलेल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूलही द्याव्यात का? (यावल तालुका)

भाऊ, दूध बिनधास्त द्या. प्रश्न कॅप्सूलचा आहे.

कर्क्युमिन प्रयोगशाळेत कर्कपेशींची वाढ रोखतं, यात खोटं काही नाही. पण काचेच्या बशीतल्या पेशींना ते थेट मिळतं. तोंडावाटे घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं उतरतं आणि उतरलेलंही लिव्हर झपाट्यानं बाहेर काढतं. इंग्लंडमधल्या लेस्टर इथे फॉल्फॉक्सबरोबर रोज २ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१९ साली आले. रुग्ण २८, सगळ्यांचा आजार शरीरात पसरलेला. कर्क्युमिन रुग्णांना सोसलं आणि जगण्याच्या मुदतीचे आकडेही आशा वाटावी असे होते. मात्र २८ माणसांवरून उपचार ठरत नाही, त्यासाठी शेकडो रुग्णांची चाचणी लागते.

शिवाय हिशेब करा. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी रोज ६०-७० ग्रॅम हळद खावी लागेल. दुधातली चमचाभर हळद त्या मापाच्या आसपासही जात नाही. म्हणून तिच्याकडून औषधाची अपेक्षा नको, आणि तिची भीतीही नको.

आता मिरी. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की, मिरीतल्या पायपरीनमुळे माणसाच्या रक्तात कर्क्युमिन २० पटीनं वाढतं. जाहिरातीत हे गुण म्हणून सांगतात. पण हे होतं कशामुळे? औषधं निकामी करण्याची लिव्हरची यंत्रणा पायपरीन मंदावतं. ती फक्त कर्क्युमिनपुरती मंदावत नाही. वडिलांच्या बाकीच्या गोळ्याही मग रक्तात जास्त साचू शकतात. अमेरिकेत हळदीच्या कॅप्सूलमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या काहींत मिरीचा अर्क होता. केमो संपेपर्यंत या कॅप्सूल देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. भरताच्या फोडणीतली हळद आणि काळ्या मसाल्यातली मिरी यांना हे लागू नाही.

प्रश्न : आईला इरिनोटेकन हे केमोचं औषध सुरू आहे. गावातले वैद्य म्हणतात, केमो म्हणजे केमिकल, काढा म्हणजे निसर्ग, दोन्ही एकत्र चालतात. (शिरपूर)

ताई, आईला सलाईनमधून मिळणारं इरिनोटेकनही मूळचं झाडातलंच आहे. चीनमधल्या एका झाडातून १९६६ साली अमेरिकेतल्या वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी कॅम्पटोथेसिन वेगळं केलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही ते भरपूर आहे. त्यापायी या झाडाची चोरटी तोड होते, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे ते कॅम्पटोथेसिन रुग्णांना देऊन पाहिलं, तेव्हा मूत्राशयातून रक्त जाऊ लागलं आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. जपानमध्ये त्या रेणूत बदल करून इरिनोटेकन बनवलं, त्याचं माप ठरलं, आणि १९९६ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी त्याला मंजुरी मिळाली. झाडातला गुण माणसाला झेपेल असा करायला ३० वर्षं लागली.

काढ्यात कोणतं द्रव्य किती उतरलं, हे वैद्यांनाही मोजता येत नाही. आणि इरिनोटेकनला लिव्हरमध्ये थोडी ढवळाढवळही चालत नाही. लिव्हर त्याचं रूप बदलतं तेव्हा त्याला खरी ताकद येते, आणि नंतर लिव्हरच त्याला बाहेर काढतं. युरोपात उदासीवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती इरिनोटेकनबरोबर दिली, तेव्हा त्या ताकदीच्या रूपाचं प्रमाण ४२ टक्क्यांनी घटलं. नेदरलँड्समधला हा अभ्यास २००२ सालचा आणि अवघ्या पाच रुग्णांचा, पण परिणाम ढळढळीत होता. अशा वेळी रुग्ण पूर्ण केमो सोसतो आणि गाठीला अर्धवट डोस पोचतो.

दुसरी काळजी जुलाबांची. इरिनोटेकननं बहुतेकांना जुलाब होतात. काढ्यात सोनामुखी किंवा एरंडेल असेल, आणि बाहेर आपल्या मे महिन्यातलं ४४ अंशांचं ऊन, तर दोन दिवसांत किडनीवर येतं. काढा बंद करा. जुलाब सुरू होताच डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी द्या, ओआरएस, भाताची पेज आणि केळी द्या. केळ्यातलं पोटॅशियम जुलाबात गेलेलं भरून काढायला मदत करतं. आराम पडला नाही किंवा ताप आला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

प्रश्न : ऑक्सॅलिप्लॅटिननं (फॉल्फॉक्समधलंच एक औषध) बोटांना मुंग्या येतात, माठातलं पाणीही टोचतं. नसांसाठी एखादी जडीबुटी आहे का? (नंदुरबार)

अशी जडीबुटी जपानमध्ये नीट तपासली गेली, म्हणून सांगतो. गोशाजिंकिगान हे दहा पदार्थांचं तिथलं पारंपरिक औषध, नसांसाठीच वापरलं जाणारं. डॉक्टरांनाही त्याच्याकडून मोठी आशा होती. १८२ रुग्णांनंतर मध्येच हिशेब केला. औषध घेणाऱ्यांत १०० पैकी ५१ जणांना नसांचा बऱ्यापैकी त्रास, नुसती बनावट पुडी घेणाऱ्यांत ३१ जणांना. चाचणी तिथेच थांबवली. नसांसाठी म्हणून दिलेल्या औषधानंच त्रास वाढवला होता.

तुम्ही सलाईननंतरचे काही दिवस कोमट पाणी प्या, फ्रिजमध्ये हात घालू नका, थंडीत सकाळी पितळी भांडी दुसऱ्याला घासू द्या. शर्टाची बटणं लावणं जड जाऊ लागलं तर पुढच्या सायकलीआधी सांगा. डोस कमी करता येतो. उशीर झाला तर मुंग्या कायमच्या राहू शकतात.

प्रश्न : मळमळीवर आलं चालतं का? (भुसावळ)

चालतं. अमेरिकेतल्या ५७६ रुग्णांच्या चाचणीत रोज अर्धा ते एक ग्रॅम सुंठेनं पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. मात्र उलटीच्या नेहमीच्या गोळ्याही सुरूच होत्या, त्या सोडायच्या नाहीत. प्लेटलेट (रक्त गोठवणारे कण) कमी असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारा.

प्रश्न : पती चार महिन्यांपासून केमोबरोबर गुळवेलीचा रस आणि एक भस्म घेतात. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलं. आता काय करू? (चाळीसगाव)

ताई, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. रागावणारे डॉक्टर असतात, हे खरं. आम्ही डॉक्टरच कपाळाला आठ्या घालतो, म्हणून रुग्ण 'आते बरं शे' म्हणून गप्प बसतो. दोष तुमचा एकटीचा नाही.

दोन्ही आजपासून थांबवा. गुळवेलीनं लिव्हरला सूज आल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. भस्मांत कधी कधी शिसं आणि पारा सापडतो. रसाची बाटली, भस्माची पुडी आणि कधीपासून किती घेतलं ते लिहिलेला कागद पिशवीत घालून न्या. पुढच्या केमोआधी रक्त तपासतीलच, त्यात लिव्हरचे आकडे असतात. ते वाढलेले दिसले आणि रसाबद्दल ठाऊक नसलं, तर डॉक्टर केमोला दोष देऊन डोस कमी करतील किंवा गाठ लिव्हरमध्ये गेली का म्हणून स्कॅन सांगतील. बाटली समोर असली तर तेच आकडे ते वेगळ्या नजरेनं वाचतील.