नर्सबाईला विचारा : मेडिकलमध्येच फ्लूची सुई घ्यावी का?

नर्सबाईंना नमस्कार. आमचं गाव दारव्हा तालुक्यात आहे. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांना दमा आहे, शुगरही आहे. मागच्या पोळ्याला ताप-खोकल्यानं त्यांना आठ दिवस भरती ठेवावं लागलं. ह्यांचा मावसभाऊ इंग्लंडात असतो. तो म्हणतो, तिकडे मेडिकलच्या दुकानातच फ्लूची लस टोचतात, तुम्हीही आईला द्या. बाजाराच्या गावच्या मेडिकलवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, 'आणून ठेवतो, इथंच टोचून देतो, अठराशे पडतील.' शेजारच्या काकू म्हणतात, त्या सुईनंच ताप येतो. शिवाय धाकट्या जावेला पाचवा महिना आहे, तिनं घ्यावी का? पेरण्या आटोपल्या, आता उशीर तर झाला नाही ना?
— एक सून

सूनबाई, लस दोघींनीही घ्यावी. आत्याबाईंनी तर नक्कीच. राहिला प्रश्न कुठं घ्यायची याचा, आणि तू तोच नेमका विचारलास म्हणून बरं वाटलं.

मी एकतीस वर्षं उपकेंद्रावर काढली. लस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं सुई येतच नाही, निळी पेटी येते. व्हॅक्सिन कॅरिअर. आत चार आईस पॅक, मधे लशी. ती पेटी खांद्याला लावून मी एसटीनं हिंडले, बंडीत बसून हिंडले, नाल्याला पूर असला की डोक्यावर घेऊन पलीकडे गेले. कारण फ्लूची लस २ ते ८ अंशांतच जपावी लागते. उन्हात राहिली तर तिचा जोर कमी होत जातो, गोठली तर ती वायाच गेली. वाईट हे, की बिघडलेली लस दिसायला चांगल्या लशीसारखीच दिसते. टोचणाऱ्याला कळत नाही, टोचून घेणाऱ्यालाही नाही.

माझ्या घरचंच सांगते. भावानं एका मे महिन्यात वहिनीसाठी यवतमाळहून लस घेतली. बर्फाच्या पिशवीत घालून नीट आणली आणि रात्री 'जास्त थंडी बरी' म्हणून फ्रिजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिली. सकाळी मला फोन, 'ताई, ये टोचून दे.' जाऊन पाहते तर सिरिंजमध्ये बर्फाचा खडा. 'काहून, वितळली की दे नं,' म्हणे. मी ती टाकायला लावली. 'अठराशे रुपये गेले नं बाप्पा!' म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

म्हणून मेडिकलवाल्याला पहिला प्रश्न सुईचा नको, फ्रिजचा विचार. लशीचा फ्रिज वेगळा आहे का? आत थर्मामीटर आहे का? लाइट गेल्यावर काय करतो? आपल्याकडे वारा सुटला की लाइट जाते, हे त्यालाही ठाऊक आहे, तुलाही. चांगला दुकानदार या प्रश्नांनी चिडत नाही, उलट दार उघडून दाखवतो. थंड्याच्या बाटल्यांमागं लशीची पेटी दिसली तर मुकाट्यानं घरी ये. पेटीवरची मुदत आणि कोणत्या हंगामाची लस आहे तेही वाचून घे. फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीचा नवा नुस्खा ठरवते. मागल्या सालची उरलेली लस अर्ध्या किमतीत मिळाली तरी नको.

आता इंग्लंडचं. तुझा दीर खोटं बोलत नाही. तिथं २०१५ पासून सरकारी योजनेतच औषधाच्या दुकानात फ्लूची लस देतात, ६५ वर्षांवरच्यांना फुकट. पण तिथला दुकानदार त्यासाठी शिकलेला असतो, टोचायला वेगळी खोली असते आणि जिवावर बेतणारी रिॲक्शन आली तर ती आवरायला ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी असतं. आपल्याकडे मेडिकलवाल्याचं काम औषध देण्याचं. टोचायचं ते डॉक्टरच्या देखरेखीखाली. ही रिॲक्शन अगदी क्वचित, दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला येते. मी माझ्या नोकरीत एकदाच पाहिली, तीही दुसऱ्या लशीची. दहा मिनिटांत पोराचे ओठ सुजले, छाती वाजायला लागली. प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो म्हणून निभावलं. काउंटरवर, रिचार्ज मारणाऱ्यांच्या गर्दीत असतो तर काय केलं असतं, हा विचार अजून मनात येतो.

तेव्हा असं कर. लस मेडिकलमधूनच घे, बॅच नंबर घातलेलं बिल घे, पण आधी डॉक्टरची वेळ ठरव आणि दुकानातून थेट दवाखान्यात जा. मधे बाजार करू नकोस, लस घरी तर नेऊच नकोस. लस दंडात घ्यायची. आत्याबाई 'कमरेत दे' म्हणतील, ऐकू नकोस. सुईनंतर अर्धा तास तिथल्या बाकावर बसायचं. त्या दिवशी त्यांना चांगला ताप असेल तर पुढच्या बाजाराला जा. पूर्वी कोणत्या सुईनं अंगावर गांधी उठल्या असतील, दम लागला असेल, तर ते डॉक्टरला आधीच सांग. आणि लस घेतली म्हणून दम्याचा पंप बंद करायचा नाही.

काकूंचं म्हणशील तर दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते, हे खरं. पण ही लस मेलेल्या विषाणूची असते, तिनं फ्लू होत नाही. अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात, तेवढ्यात दुसरीच सर्दी गाठते आणि बदनामी लशीची होते. लस घेतली की फ्लू होणारच नाही, असंही मी म्हणणार नाही. लशीचा विषाणूशी मेळ चांगला बसतो त्या साली फ्लूनं दवाखान्याची पायरी चढायचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो, म्हाताऱ्या माणसांत त्याहून कमी. पण झालाच तर जिवावर बेतण्याची भीती घटते, आणि दमा-शुगरवाल्या बाईला तेच हवं आहे. माझी आजी फ्लूला कधी फ्लू म्हणालीच नाही. १९१८ ची मानमोडी, म्हणजे फ्लूचीच मोठी साथ, तिनं लहानपणी वऱ्हाडात पाहिली होती. कोणी नुसतं शिंकलं तरी ती देवाजवळ दिवा लावायची.

उशिराचं म्हणशील तर मृग लागायच्या आधी घेतली असती तर उत्तम. पण आपल्याकडे पावसाळाभर फ्लू असतो, पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये डोकं वर काढतो. तेव्हा या आठवड्यात घेतली तरी चालेल.

जावेला मात्र अठराशे खर्चायला लावू नकोस. आपल्या राज्यात गरोदर बायांना ही लस सरकारी दवाखान्यात फुकट द्यायची सोय आहे. आधी तिच्या आशाताईला विचार, मग ग्रामीण रुग्णालयात फोन कर. साठा संपला असेल तर कधी येणार ते विचारून ठेव. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही, आईनं घेतलेल्या लशीचंच संरक्षण त्याला मिळतं. आत्याबाईंचं नाव शुगरमुळं त्याच यादीत बसतं का, तेही त्याच फोनवर विचारून घे. कोणी सांगावं, अठराशे वाचतील.

*

वर्धा जिल्ह्यातून एक काका विचारतात : फ्लूची सुई घेतल्यावर पथ्य काय? वांगं, आंबट चालतं का? आणि संध्याकाळी थोडी 'घेतली' तर?

काका, लशीला पथ्य नाही. वांगं खा, ताक प्या, आंघोळ करा. दंड फार दुखला तर पॅरासिटामॉल घ्या. राहिली संध्याकाळची गोष्ट. तुमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे नं, मग मले काहून विचारता?