आवडत्या रॉक गायकाची लोकांमधली प्रतिमा चांगली व्हावी म्हणून आम्ही चाहते काय करू शकतो?

सगळ्यात आधी त्याच्या नावाने भांडणं बंद करा. बाकीचं नंतर.

मी नाशिकचा. आमच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यावरचा एक पोरगा मराठीत रॉक गातो. लिहितो स्वतः, गिटारही स्वतःच वाजवतो. नाव सांगत नाही, कारण पुढच्या भानगडीत त्याचा काडीचा दोष नव्हता. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर त्याचा पहिला मोठा शो ठरला आणि आमच्यातल्या एका उत्साही मित्राने ठरवलं, हवा करायची. हवा म्हणजे काय, तर फ्लेक्स! मधोमध गायक आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून आमच्या मंडळींची मुंडकी, गॉगल लावून. जागा जुळवायला डिझायनरने फोटो उलटा फिरवलेला, त्यामुळे उजव्या हाताने वाजवणारा गडी डावखुरा झाला आणि टी-शर्टवरची अक्षरं आरशात दिसावीत तशी. वर बिरुद 'रॉकसम्राट'. परवानगी कुणी काढलीच नव्हती. विनापरवाना फ्लेक्सची नोटीस गेली ती सम्राटांच्या घरी, शुभेच्छुक सगळे नामानिराळे. त्याच्या आईला गिटारचं कौतुक आधीच बेताचं, त्यात ही भर.

मग कुणीतरी ऑनलाइन लिहिलं, "हा गायक आहे की नगरसेवकपदाचा उमेदवार?" विनोद खरं तर बरा होता. पण मित्राने पोरांची फौज सोडली आणि प्रकरण आईबहिणीवर गेलं. ज्यांनी एकही गाणं ऐकलं नव्हतं त्यांच्या लेखी तो 'शिव्या देणाऱ्या पोरांचा गायक' झाला. ही प्रतिमा त्याला कुणी दिली? आपल्याच माणसांनी.

चाहत्यांच्या जोरावर काहीच होत नाही असं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या टेरे होट गावच्या दोन पोरांनी 'किस' या रॉक बँडची गाणी लावा म्हणून तिथल्या रेडिओ स्टेशनला फोन करकरून भंडावलं, त्यातून 'किस आर्मी' ही चाहत्यांची फौज उभी राहिली. 'मॅरिलियन' या ब्रिटिश बँडकडे अमेरिका दौऱ्याला पैसे नव्हते, तर १९९७ मध्ये चाहत्यांनी आपसात साधारण ६० हजार डॉलर जमवले. 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन बँडने तर १९८४ पासून रेकॉर्डिंग करणाऱ्या चाहत्यांना शोमध्ये वेगळी जागाच नेमून दिली, आणि त्या कॅसेटी हातोहात फिरल्या. गाणं पुढे गेलं. शुभेच्छुकांचे फोटो कुठे लागले नाहीत.

मी त्या शोला मोबाइलवर रेकॉर्डिंग करायला साउंडवाल्याच्या कन्सोलला, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलाला, खेटून उभा राहिलो. तो ज्या आवाजावर मिक्स करतो जवळजवळ तोच तिथे ऐकू येतो. स्पीकरपाशी मोबाइल धरला की आवाज फाटतो आणि बेसची नुसती घरघर उरते. एकच गाणं घेतलं, पण अख्खं. पंधरा सेकंदांच्या तुकड्याने गायक कळत नाही. खाली शब्द टाकले, ड्रमर, बेसवाला, साउंडवाला, सगळ्यांची नावं टाकली. अपलोड करायच्या आधी त्याला विचारलं, कारण गाणं अजून रिलीज व्हायचं होतं.

गाणं गोदेच्या पुरावर आहे, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्यात जातो त्यावर. माझी मावशी भांडीबाजारातली, घरात पाणी शिरलेलं तिने पाहिलंय. व्हिडिओ बघून म्हणाली, "अगंबाई, हा पुराबद्दल ओरडतोय होय! मग बरोबर आहे, ओरडू दे." पुढे तिने तो आख्ख्या भजनी मंडळाला पाठवला. फ्लेक्सने ही माणसं कधी आली असती?

बाकी तुम्हाला ठाऊक आहेच: तिकीट काढून जा, गाणी विकत घ्या. रात्री दहाला स्पीकर बंद झाले की निमूट घरी जा. सायलेन्सर काढलेल्या गाड्या लॉन्सबाहेर फिरवल्या की शेजारच्या सोसायटीला रॉक म्हणजे तेच वाटतं.

हो, एक राहिलंच. तुमच्या गायकावर खरोखर काही गंभीर आरोप असेल तर यातलं काहीही करू नका. धुणं धुवायचं काम चाहत्यांचं नाही.

आणि माझा मित्र अजूनही म्हणतो, लॉन्स भरलं ते फ्लेक्समुळे. त्याने दारावर तिकिटं फाडणाऱ्या पोराला एकदा विचारावं. शुभेच्छुकांपैकी निम्मे फुकट पासवर आत आले होते.