१४ लाखांच्या सिस्टिमचं चीज होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या फ्लॅटमध्ये १२ बाय १६ फुटांचा हॉल, निवृत्तीचे पैसे हाताशी, ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी गाणी. दुकानात १४ लाखांची म्युझिक सिस्टिम ऐकून, तिच्यातल्या वस्तूंची यादी घेऊन आलात आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. घरी आणली तर तशीच वाजेल का?

तशी नाही वाजणार. सिस्टिममध्ये खोट आहे असं माझं म्हणणं नाही. अशा डेमोच्या खोल्यांत भिंतींना जाड पॅनेल असतात, कोपऱ्यांत बास ट्रॅप (खर्जाचा आवाज शोषणारे जाड ठोकळे) असतात, आणि खुर्ची मोजूनमापून ठेवलेली असते. तुम्ही जे ऐकलंत त्यात त्या खोलीचा वाटा फार मोठा होता. ती खोली तुमच्या घरी येणार नाही.

जरा आकड्यांत बोलू, कारण गाडं इथेच अडतं. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. आवाज जाऊन-येऊन याच्या दुप्पट अंतर कापतो, त्यामुळे एवढ्या अंतरावरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ३५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३५ कंपनांचा, स्वर अडकून घुमतो, आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ७० चाही. १२ फुटांच्या बाजूला हाच प्रकार ४७ ला होतो. तुम्ही कुठे बसलात त्यावर हे स्वर फुगतात किंवा पार गायब होतात. आपल्याकडे सोफा हमखास मागच्या भिंतीला टेकवलेला असतो, आणि नेमका भिंतीपाशीच हा फुगवटा सर्वात जास्त असतो.

आता काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळी पट्टीत, गाणारा गायक घ्या. त्याचा सा सुमारे १३९ हर्ट्झ, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. म्हणजे खर्ज बरोबर तुमच्या हॉलच्या ७० वर येऊन बसतो. डग्ग्याची घुमकही शंभरच्या आसपास आणि त्याखालीच. भिंतीला टेकून ऐकलंत तर दर आवर्तनात नुसतं ‘ढम्म’ ऐकू येईल. तबलजी मनगट दाबून डग्ग्याचा स्वर वर सरकवतो, विलंबित एकतालात ज्याची इतकी गोडी असते, तो सगळा त्या ढम्ममध्ये बुडेल. सोफा भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घ्या, ७० चा फुगवटा ३ ते ५ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) उतरेल. बरोबर चार फुटांवर आणलात तर तिथे तो स्वर जवळजवळ नाहीसाच होतो, तेही नको. या एका हालचालीने जेवढा फरक पडतो तेवढा दोन चांगल्या अँप्लिफायरांमध्ये मी कधी ऐकलेला नाही.

आपल्या बांधकामाचाही यात हात आहे. काँक्रीट आणि विटांच्या भिंती, व्हिट्रिफाइड फरशी, बाल्कनीची सरकती काच. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत लाकडी सांगाड्यावर प्लास्टरबोर्ड ठोकलेला असतो, तो थोडाफार खर्ज पचवतो. आपल्या भिंती जवळपास सगळा परत फेकतात. म्हणून तिकडची परीक्षणं वाचून मोठे फ्लोअरस्टँडर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, घेतले की इथे बास आवरत नाही. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग पत्र्यासारखा ‘टर्रर’ आला तर तार सप्तकातला गळा या हॉलमध्ये कर्कशच वाटणार, स्पीकर कितीही लाखांचा असो. त्यावर उपाय गालिचा, जड पडदे, पुस्तकांनी भरलेलं उघडं कपाट, आणि सुताराकडून लाकडी चौकटीत बसवून कापडाने मढवलेले रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचे) चार इंची पॅनेल. अंड्यांचे ट्रे आणि पातळ फोम लावू नका. ते फक्त वरचे स्वर खातात आणि खर्ज आणखी बोजड वाटायला लागतो.

महागड्या वस्तूंमधला फरक आपण खरंच ऐकतो की किंमत पाहून ऐकतो, यावर चांगलं काम झालं आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर ऐकवले. समोर दिसताच गुण बदलले, अनुभवी कानांचेही. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी बॉस्टनमध्ये हाय-रेझोल्यूशन (सीडीहून जास्त तपशिलाचा) ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या दर्जावर, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर उतरवून, ओळखायला लावला. ५५४ चाचण्यांत २७६ बरोबर. नाणं उडवून एवढंच हाती लागतं. आणि २०२२ चं मोबाइल फिडेलिटी या महागड्या एलपी तबकड्या काढणाऱ्या अमेरिकन कंपनीचं प्रकरण तुम्ही वाचलं असेलच. ज्या एलपींना लोक शंभर टक्के ॲनालॉग समजून जादा पैसे मोजत होते, त्यांतल्या अनेकींच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता. डिजिटल लगेच कानाला खटकतं असं वर्षानुवर्षं सांगणाऱ्यांच्याही तो लक्षात आला नव्हता. मला त्या श्रोत्यांची खिल्ली उडवायची नाही, कान सगळ्यांचे असेच चालतात. पण पैसे खर्च करण्याआधी हे माहीत असावं.

म्हणून तुमच्या यादीतल्या ९० हजारांच्या स्पीकर केबलवर मी सरळ काट मारीन. इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर चार मीटर टाकली तर जाऊन-येऊन रोध ०.०६ ओहमच्या आसपास भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. यादीतल्या ४०० वॉटच्या मोनोब्लॉकचंही (प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा अँप्लिफायर) तेच. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा (एका वॉटमध्ये एक मीटरवर एवढा आवाज देणारा) साधा स्पीकर एक-दोन वॉटमध्ये तुमच्या हॉलभर गाणं पोचवतो. अचानक येणाऱ्या आघातांसाठी ६०-८० वॉट हाताशी असले की भागतं.

तुमच्या ऐकण्याबद्दल एक बोलायलाच हवं. १९२५ पर्यंतची ध्वनिमुद्रणं मायक्रोफोनशिवाय, कर्ण्यात गाऊन झालेली. त्यांत खर्ज जवळपास नाही आणि वरचे स्वरही थोडेच. नंतरच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचा ऐवज आणि भरपूर खरखर. केसरबाई किंवा बालगंधर्व ऐकताना १४ लाखांची सिस्टिम त्यात नसलेलं काही देणार नाही, उलट खरखर जास्त नेमकी ऐकवील. त्या ध्वनिमुद्रणांसाठी मधल्या सप्तकांत स्वच्छ वाजणारा, सहा इंची वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या भागाचा) बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारा छोटा, स्पीकर उत्तम. ख्यालाला २० हर्ट्झ लागतही नाहीत. वयाचाही विचार करा: साठीनंतर बहुतेकांना १२ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही, तेव्हा ४० किलोहर्ट्झपर्यंत जाणाऱ्या ट्वीटरचे (वरचे स्वर वाजवणाऱ्या भागाचे) पैसे कशाला मोजायचे?

मोठा पैसा कुठेच सार्थकी लागत नाही असं मात्र नाही. २० बाय ३० च्या, नीट तयार केलेल्या खोलीत मोठे स्पीकर पखवाज किंवा पूर्ण ऑर्केस्ट्रा प्रत्यक्षातल्या पातळीवर वाजवतात, तेही न फाटता, न दमता. अंगावर येणारी ती सहजता लहान स्पीकरमधून मिळत नाही. मी ती ऐकली आहे आणि ती मला मनापासून आवडते. पण तिला जागा लागते, आणि शेजाऱ्याची सामाईक भिंत नसावी लागते. तुमच्या हॉलमध्ये तो आवाज तुम्ही कधी चढवूच शकणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर दोन-अडीच लाखांत चांगल्या कंपनीचे बुकशेल्फ किंवा स्टुडिओतले ॲक्टिव्ह मॉनिटर (आतच अँप्लिफायर असलेले स्पीकर) घेतले असते. ज्यांची मोजमापं प्रसिद्ध झाली आहेत, तेच. पॅसिव्ह, म्हणजे आत अँप नसलेले, असतील तर वर ७०-८० हजारांचा अँप. लाखभर रुपये खोलीवर. एक मोजणीचा मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजणारं फुकट सॉफ्टवेअर, म्हणजे सोफा कुठे हवा ते अंदाजाने ठरवावं लागणार नाही. सबवूफर (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर) सहा महिने नकोच. आधी खोली कळू द्या.

आणि दुकानात पुन्हा जाल तेव्हा तुलना करताना दोन्ही सिस्टिमचा आवाज समान पातळीवर ठेवायला सांगा, मोबाइलमधल्या मीटरवर बघून. डेसिबलभर मोठी वाजणारी सिस्टिम बहुतेक वेळा सरस वाटते, आणि विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. गाणं तुमच्या घरचं न्या, त्यांचं नको. मग आवडलेली जोडी दोन-तीन दिवस घरी लावून ऐकायला मागा, अनामत ठेवावी लागली तरी चालेल. त्याला नाही म्हणणाऱ्या दुकानात एवढी मोठी खरेदी करू नका.