तुरुंगात अंतर्गत चौकशी लागली म्हणून भावाची मुलाखत बंद होऊ शकते का?

होऊ शकते, आणि घरच्यांना ते बहुधा गेटवरच कळतं. आई पहाटेच्या एसटीने आलेली, पिशवीत धुतलेले कपडे, आणि खिडकीतून उत्तर येतं, 'मुलाखत बंद आहे.' खरा फटका पुढेच बसतो. कारागृह कायद्याखाली शिक्षा लागली तर माफीचे दिवस, म्हणजे शिक्षेत मिळालेली सूट, कापले जाऊ शकतात, आणि सुटकेची तारीखच लांबते. फर्लो, म्हणजे शिक्षेदरम्यान घरी जायची सुट्टी, तीही अडकते. पण सुनील बत्रा या कैद्याच्या खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय: सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय सवलती काढू नयेत, फारच तातडी असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवायचं. म्हणून अधीक्षकांकडे लेखी कारण मागा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्याच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कैद्याला वकील मोफत मिळतो.