चतुर्थीआधी तळघराची खोली होईल का?

प्रश्न: आमचं फोंड्याला उतारावर चिऱ्यांचं घर आहे. खाली 20 बाय 14 चं तळघर, मागची भिंत अख्खी मातीत. आत्तापर्यंत नारळ, जुनी भांडी, माटोळीची (गणपतीवर फळं-पानं बांधायची) चौकट असलं सामान तिथे पडून असायचं. चतुर्थीला सगळे घरी येतात, झोपायला जागा पुरत नाही म्हणून पीओपी, लॅमिनेट, एसी लावून खोली करायचीय. पेंटर म्हणतो डॅम्पप्रूफ मारला की झालं. मेमध्ये उरकेल ना?

उत्तर: उरकेल हो, आणि जुलैत पोपडे पण निघतील! ताई, चिरा म्हणजे जांभा दगड, तो पाणी पितो. आपल्याकडे शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो आणि उतारावरचं सगळं पाणी तुमच्या मागच्या भिंतीला येऊन टेकणार, आतून मारलेला रंग ते किती दिवस थोपवणार? मी स्वतः हे करून बसलोय, भिंतीला प्लायचं पॅनलिंग केलं, सप्टेंबरात एक फळी ओढली तर मागे वाळवी आणि हातात नुसता भुसा. कॉन्ट्रॅक्टर तोवर फोन उचलायचा बंद झालेला.

तर मेमध्ये फक्त बाहेरचं काम करा. छपराच्या पन्हळीचं पाणी पाइपने लांब सोडा, भिंतीमागे गटार काढा, जमलं तर माती उकरून भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घ्या, खर्चाचं आहे पण खरं काम तेच. मग जुलैत दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल मातीतून येतेय, खोलीकडे आले तर हवेतली. हवेतली असेल तर पावसात खिडक्या उघडून काही होत नाही, उलट बाहेरची दमट हवा आत येऊन थंड भिंतीवर घाम धरते, तिथे डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा ओढणारं यंत्र लागतं.

पीओपी आणि लॅमिनेट विसरा, टाइल्स आणि सिमेंट बोर्ड चालेल. प्लग पॉइंट जमिनीपासून वर घ्या, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. आणि छताची उंची मोजून, तिथे राहायची खोली चालते का हे पंचायतीत आधी विचारा, टाइल्स बसल्यावर नको.

यंदाच्या चतुर्थीला पाहुण्यांना हॉलमध्येच चटया घाला.